तीच गाडी समजून

एक्क्याण्णव साली मी नवसारीला एका डॉक्टरांच्या घरी पुस्तकांचं कपाट बघायला गेले आणि मोटार घेऊन आले. डॉक्टर वारले होते. त्यांच्या पत्नी मुलाकडे परदेशी निघाल्या होत्या आणि घरातली एकेक वस्तू त्यांनी विकायला काढली होती. कपाट सागवानी होतं, पण आमच्या जिन्यातून वर चढलं नसतं. परत निघताना मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखालून एक चाक दिसलं. सायकलला असतात तशा तारांचं, पण चाक मोटारीचं. मी विचारलं, तेव्हा बाईंनी ताडपत्रीचं टोक उचललं.

साठच्या दशकातली विलायती स्पोर्ट्स कार होती. दोनच सीटा, मागे दुमडणारं कापडी छप्पर, लांब बॉनेट आणि सोड्याच्या बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग. स्टिअरिंगचं चाक लाकडी होतं आणि जिथे डॉक्टरांचे हात टेकत असतील तिथलं पॉलिश उडून लाकूड मऊ झालं होतं. सीटा तपकिरी चामड्याच्या. डॅशबोर्डवर रुपयाएवढं एक घड्याळ होतं. बाई म्हणाल्या, "हे रोज व्हिजिटला हीच न्यायचे. शोभेची म्हणून कधी ठेवली नाही त्यांनी." ते वाक्य माझ्या मनात बसलं.

मी तेव्हा सुरतेजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका डाइंग हाऊसच्या प्रयोगशाळेत होते. कापडाचा रंग धुतल्यावर किती उतरतो, उन्हात किती टिकतो, हे तपासायचं काम. फॅक्टरीची बस बंद झाली होती आणि मी गाडीसाठी पैसे साठवत होते. नवऱ्याने, तो बँकेत होता, नव्या छोट्या पांढऱ्या मोटारीसाठी नाव नोंदवायचं ठरवलं होतं. मी हिरवी गाडी घेतली. घरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, रविवारी फिरवायला ठीक आहे. रोज सचिनला कशी नेशील?"

"डॉक्टर रोज न्यायचे," मी म्हणाले.

आणि मी नेली. उधना, पांडेसरा, भेस्तान करत सचिन. छप्पर मागे टाकायचं, ओढणी डोक्याभोवती घट्ट बांधायची. पांडेसऱ्याला नाल्यातून कधी जांभळं, कधी शेवाळी पाणी वाहायचं आणि आज कुठल्या रंगाचा घाणा चढलाय ते मला वासावरून कळायचं. सायकलींवरून डबे घेऊन पाळीला निघालेले कारागीर माना वळवायचे. गाडी इतकी बुटकी की शेजारून ट्रक गेला की त्याची चाकं माझ्या डोळ्यांच्या रेषेत यायची. पहिल्या महिन्यात फॅक्टरीचा वॉचमन फाटक उघडायच्या आधी हसायचा, नंतर उभा राहून सलाम करायला लागला. "बेननी गाडी आवी," असं आतल्या लोकांना सांगायचा.

दुरुस्तीचा प्रश्न पहिल्याच पंधरवड्यात आला. शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून परत लावलं. तिसऱ्याने सांगितलं, दिंडोलीच्या बाजूला रेल्वेफाटकाजवळ एक मराठी मिस्त्री आहे, त्याला विचारा. मिस्त्री अमळनेरकडचा होता. आधी पॉवरलूमवर जॉबर म्हणून मागांची दुरुस्ती करायचा, मग मोटारींकडे वळला. मला बघून त्याने गुजरातीत सुरुवात केली, मी मराठीत उत्तर दिलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

"कुठल्या तुम्ही, ताई?"

"इथलीच. वडील इथे मराठी शाळेत शिक्षक होते."

"मग आपल्याच की." त्याने इंजिनाकडे वाकून दोन्ही कार्बोरेटरांवर हात ठेवला, ताप बघावा तसा. "अशी वस्तू हाताखाली नाही आली कधी. पण व्हई जाई, ताई. होऊन जाईल."

झालंही. तो माझ्याशी मराठी बोलायचा, बायकोशी अहिराणी आणि गिऱ्हाइकांशी गुजराती किंवा हिंदी. मी गेले की हातातलं काम ठेवून यायचा. इंजिनाचा आवाज ऐकायला त्यानेच मला शिकवलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. "ऐका. ही बाजू बोलते, ती चूप बसलीय." दोन कार्बोरेटर एका सुरात आणायला त्याला अख्खी सकाळ लागायची, आणि ते आले की गाडी उधन्याच्या पुलावर एका दमात चढायची. त्याच्या मुलीला आमच्या भागातल्या शाळेत प्रवेश मिळेना, तेव्हा वडिलांना घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले. नवरा म्हणायचा की जरा मोठं, नावाजलेलं गॅरेज बघ. मी म्हणायचे, आपला माणूस आहे, फसवणार नाही.

गाडी बंद पडायची. हे लपवण्यात अर्थ नाही. थंडीत सकाळी दहा-बारा वेळा किल्ली फिरवावी लागायची. उन्हाळ्यात पेट्रोल नळीतच उकळायचं आणि रस्त्याच्या कडेला ओलं फडकं टाकून बसावं लागायचं. मी बसायचे. पर्समध्ये प्लग साफ करायचा पॉलिश कागद, एक पाना आणि पुस्तक असायचं. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. उलट मला वाटायचं, हिची तब्येत मला कळते आणि म्हणून ती माझी आहे. एकदा बाजूच्या सीटची शिवण उसवली. चांभार मिळेना, म्हणून मीच जाड सुईने शिवली. तपकिरी दोरा घरात नव्हता. निळा होता, तो मेण लावून घातला. साडीला फॉल लावतात तसे तिरके टाके घालत गेले, वीतभर.

त्र्याण्णवच्या जुलैत भेस्तानच्या पुढे खाडीचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाडी मधेच थांबली. बुटकी गाडी, पाणी दाराच्या फटीतून आत आलं. चार तास मी आत बसून होते, पाय सीटवर घेऊन, कापडी छपरातून डोक्यावर थेंब पडत होते. दंगलीनंतरचं वर्ष होतं ते. रस्त्यावर एकटी बाई दिसली की लोक आधी आजूबाजूला बघायचे, मग तिच्याकडे. शेवटी एका टेम्पोवाल्याने दोरीने ओढून आणलं. सोसायटीच्या फाटकात नवरा छत्रीशिवाय उभा होता, नखशिखांत भिजलेला. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने दार उघडून मला हात दिला आणि वर गेल्यावर चहा ठेवला. त्या दिवसाबद्दल तो पुन्हा बोलला नाही. मला ते समजूतदारपणाचं वाटलं.

त्यानंतर हळूहळू गाडी सुधारत गेली.

आधी घड्याळ बंद पडलं. मिस्त्री म्हणाला, मुंबईला एक जुना कारागीर आहे, त्याच्याकडे पाठवतो. काही महिन्यांनी म्हणाला, कारागीर वारला, घड्याळ सापडत नाही. त्या भोकावर त्याने काळी गोल चकती बसवली आणि डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली. मीच त्याची समजूत काढली. मग चाकांच्या तारा तुटायला लागल्या. "भेस्तानचे खड्डे बघा ना ताई. ह्या तारा आता मिळत नाहीत. एखादं चाक वळणावर बसलं तर?" त्या जागी साधी पत्र्याची चाकं आली. मग दोन कार्बोरेटरांच्या जागी एकच आला, देशी गाडीचा. लाकडी स्टिअरिंगला चीर गेली आणि काळं प्लास्टिकचं आलं. दर वेळी कारण होतं, दर वेळी तो ते नीट समजावून सांगायचा, आणि दर वेळी गाडी आधीपेक्षा कमी बंद पडायची.

प्लेगच्या दिवसांत निम्मं शहर निघून गेलं. आम्हीही तीन आठवडे नाशिकला बहिणीकडे होतो. गाडी मिस्त्रीकडे ठेवली होती. परत आले तर सीटांवर काळं रेक्झिन. मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "उंदरांनी चामडं खाल्लं, ताई. जाळून टाकलं." त्या वर्षी सुरतेत उंदरांबद्दल कुणीच उलट प्रश्न विचारत नव्हतं. मीही नाही विचारला.

पंच्याण्णव-शहाण्णवपर्यंत ती पहिल्या किल्लीला सुरू व्हायला लागली. पर्समधलं पुस्तक वाचायची वेळच येईना. मी मिरवायला लागले. फॅक्टरीत, नातेवाइकांत, नवऱ्याच्या बँकेतल्या जेवणांना मी सांगायचे की तीस वर्षांची विलायती गाडी मी रोज सचिनला नेते, आणि नवी गाडी काय चालेल अशी ती चालते. लोक नवऱ्याकडे बघायचे. तो म्हणायचा, "हिच्या हाताला यश आहे." अगदी हसून म्हणायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत एका रविवारी फॅक्टरीच्या मालकांच्या पुतण्याचं लग्न होतं, डुमसच्या रस्त्यावर एका मोठ्या प्लॉटमध्ये. नवऱ्याला सर्दी होती, मी एकटीच गेले. अकराच्या सुमारास वरात आली. नवरदेव घोड्यावर नव्हता, एका उघड्या मोटारीत होता. माझ्याच गाडीची बहीण. रंग साईसारखा, पण तेच लांब बॉनेट, तीच बुटकी ठेवण. मला इतका आनंद झाला की मी जेवणाची रांग सोडून तिकडे गेले. फुलांच्या माळा काढत होते. एक पन्नाशीचे गृहस्थ रुमालाने आरसा पुसत उभे होते. गाडी त्यांचीच होती, लग्नासाठी दिली होती. मी सांगितलं की माझ्याकडेही अशीच आहे, आणि मी ती रोज चालवते. ते खूष झाले. गुजरातीत म्हणाले, "बसा ना बेन, आत बसून बघा."

मी बाजूच्या सीटवर बसले. चामडं तपकिरी, तेल लावून चमकवलेलं. हात टेकला तो खडबडीत जागी. वाकून बघितलं. निळा दोरा, तिरके टाके, वीतभर.

माणसाला स्वतःचं अक्षर ओळखायला वेळ लागत नाही, तशीच शिवणही. मी मान वर केली. समोर लाकडी स्टिअरिंग होतं, वरच्या बाजूला दोन ठिकाणी मऊ झालेलं. त्याला चीर नव्हती. घड्याळ चालू होतं, अकरा वाजून वीस मिनिटं. मी खाली उतरून चाकं बघितली नाहीत. गरज नव्हती.

ते गृहस्थ सांगत होते की त्यांना या गाडीचा नुसता सांगाडा मिळाला होता, आत उंबराचं झाड उगवलेलं. "एक मराठी मिस्त्री छे, दिंडोली बाजू. चार-पाच वर्षं एकेक वस्तू आणत गेला. बधुं ओरिजिनल. क्यांथी लावे छे, कुठून आणतो, भगवान जाणे."

मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांचा दोष नव्हता. जेवण न करता निघाले. माझी हिरवी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. घरी न जाता मी सरळ दिंडोलीला गेले.

मिस्त्री रविवारीही असायचा. एका रिक्षाचं इंजिन उघडून बसला होता. मला लग्नातल्या साडीत बघून तो उठला.

"मिस्त्री, आज डुमसला एक गाडी बघितली," मी म्हणाले. "तिच्या सीटवर माझी शिवण आहे."

त्याने नाकारलं नाही. हात पुसायला त्याने खूप वेळ लावला. मग स्टूल पुढे केलं. "बसा, ताई."

मी उभीच राहिले.

"मी चोरी नाही केली."

"डोळ्यांत पाणी आणून मला सांगितलंत घड्याळ हरवलं म्हणून. उंदरांनी चामडं खाल्लं म्हणालात. ते काय होतं?"

"ते खोटं बोललो. खोटं बोललो ते माझं पाप." तो रिक्षाच्या इंजिनाकडे बघत होता. "बाकीचं साहेबांना विचारा."

मला आधी कळलंच नाही, तो कुठल्या साहेबाबद्दल बोलतोय.

"तुम्ही पाण्यात अडकल्या होत्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले होते. म्हणाले, काय बदलायचं ते बदल, माझी बायको रस्त्यात थांबता कामा नये. मी म्हटलं, ताई नाही ऐकायच्या. म्हणाले, तिला सांगायचं नाही. मी म्हटलं, मजुरी, सामान... तर म्हणाले, काढलेलं जुनं तुझं." मग हळू आवाजात, जणू मला बरं वाटावं म्हणून, तो म्हणाला, "ताई, विचार करा. भेस्तानच्या धुळीत त्या वस्तू मेल्या असत्या. तिकडे जिवंत आहेत."

"तुम्ही मला त्या वस्तूंचा आवाज ऐकायला शिकवलंत," मी म्हणाले.

त्याची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थबकली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घराच्या आत कधी गेले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आपला माणूस म्हणत होते मी त्याला. पण त्याचं खोटं त्यामुळे लहान झालं नाही. मी पाणी न पिता निघाले.

घरी नवरा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पापडीच्या शेंगा निवडत बसला होता. संध्याकाळी शेजाऱ्यांकडे उंधियूचा बेत होता. मी साडी न बदलता त्याच्यासमोर बसले आणि जे झालं ते सांगितलं. मला वाटतं, कुठेतरी माझी आशा होती की मिस्त्री हेही खोटं बोलला असेल. पण मी सांगत असताना नवऱ्याचे हात थांबले नाहीत. शेंगा मोडत राहिला, आणि मला कळलं.

"गाडी रस्त्यात बंद पडायची थांबली की नाही?" तो शेवटी म्हणाला.

"थांबली."

"मग?"

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"म्हणूनच नाही सांगितलं." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी मी तीन तास फाटकात उभा होतो. तुला नाही कळणार ते काय होतं."

मला ते कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं. तो वाईट वागला असता तर मला भांडता आलं असतं. माझ्या काळजीपोटीच त्याने हे केलं होतं आणि त्या काळजीत मला विचारायला जागा नव्हती. मी नाही म्हणेन हे त्याला ठाऊक होतं, आणि माझा नकार टाळायचा सोपा मार्ग त्याने काढला होता. माझ्या पाठीमागे दोन पुरुषांनी माझ्या गाडीचं ठरवलं. एकाने ती रिकामी केली, दुसरा ती भरलेली आहे असं मला चारचौघांत बोलू देत राहिला.

"बँकेतल्या जेवणांना मी बोलायचे, तेव्हा तुम्ही हसायचात," मी म्हणाले.

"तुला आनंद व्हायचा."

यापुढे आमचं त्या विषयावर बोलणं झालं नाही. संध्याकाळी आम्ही शेजारी उंधियू खायला गेलो. मी वाढायला मदतही केली.

सोमवारी कामावर जायचंच होतं. मी त्याच गाडीने गेले, कारण दुसरं साधन नव्हतं. पण हातातलं चाक प्लास्टिकचं आहे हे आता प्रत्येक वळणावर जाणवत होतं. इंजिन एकसारखं, बिनचूक गुरगुरत होतं, कुठल्याही टेम्पोचं गुरगुरेल तसं. मी इतकी वर्षं ते कौतुकाने ऐकत आले होते. कापडाचा रंग नुसत्या नजरेने सांगणारी बाई मी, फॅक्टरीत माझ्या शब्दावर माल परत जायचा, आणि माझ्याच हाताखालची वस्तू बदलत गेली तेव्हा मी तिला सुधारणा म्हणत राहिले. मिस्त्रीचा राग होता, नवऱ्याचा होता, पण सर्वांत जास्त लाज मला माझ्या कानांची वाटली. कार्बोरेटर बदलला तेव्हा आवाज बदललाच असणार. मी ऐकला असणार. बरं वाटत होतं म्हणून मी विचारलं नाही.

मार्चमध्ये बारडोलीकडच्या एका वीटभट्टीवाल्याने फॅक्टरीच्या आवारात गाडी बघितली आणि विचारलं, विकता का. त्याला शेतावर ठेवायला हवी होती, नातवंडांना फिरवायला. मी त्याला बॉनेट उघडून दाखवलं. काय मूळचं आहे आणि काय नाही ते एकेक करून सांगितलं. तो म्हणाला, "चालते ना? मग मला काय." कागद माझ्या नावावर होते, सही माझीच पुरे होती. आठवड्याभराने तो ती घेऊन गेला. मी सचिनहून गाडीने, म्हणजे पॅसेंजरने, बायकांच्या डब्यातून परत आले.

नवरा संध्याकाळी बँकेतून आला तो खालूनच हाक मारत. जिना चढून वर आल्यावर त्याने विचारलं, "गाडी कुठे आहे?"

"विकली."

तो खुर्चीवर बसला. बूट काढायचे राहून गेले. "मला एका शब्दाने विचारलं असतंस."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

हे वाक्य मी मनात कितीतरी दिवस घोळवलं होतं. म्हटल्यावर हलकं वाटेल असा अंदाज होता, तो चुकला. त्याचा चेहरा बघवेना. त्याच्याही त्या गाडीत काही आठवणी असतील, हे मी धरलंच नव्हतं. पहिल्या वर्षी रविवारी तो बाजूला बसायचा आणि तापीच्या पुलावर छप्पर मागे टाकायला सांगायचा.

पुढच्या दिवाळीत त्याने छोटी पांढरी मोटार घेतली आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. ती चालवायला मला शिकावं लागणार नव्हतं, पण वर्षभर मी ती चालवली नाही. पॅसेंजरने जात राहिले. सकाळच्या डब्यात सचिनच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका असायच्या, काही खानदेशच्या, काही विदर्भातल्या. त्या जागा करून द्यायच्या. एकीने एकदा विचारलं, "ताई, तुम्ही ती हिरव्या गाडीवाली ना? आम्ही डब्याच्या खिडकीतून बघायचो तुम्हाला."

"हो," मी म्हणाले.

"काय झालं तिचं?"

मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. भेस्तान आलं, पुढे सचिनच, तरी मी अजून घड्याळापर्यंतच पोचले होते.